मास्तरांचं न्हाणीघर

मास्तर शाळेत शिकवणारे नव्हते. ते कोट शिवत, आणि कोट शिवणाऱ्याला लोक मास्तर म्हणतात म्हणून ते मास्तर. त्यांची बायको मग आपोआप मास्तरीणबाई झाली, जरी तिनं उभ्या आयुष्यात मास्तरांशिवाय कुणालाच काही शिकवायचा प्रयत्न केला नाही, आणि त्यातही तिला फारसं यश आलं नाही.

घर रस्त्याला लागून. पुढच्या खोलीत दुकान, मधल्या खोलीत संसार, मागं स्वयंपाकघर, आणि स्वयंपाकघराच्या टोकाला वीतभर उंच पायरी चढून न्हाणीघर. ज्यानं हे घर बांधलं त्याच्या डोक्यात काय होतं ते देवालाच ठाऊक. स्वयंपाकघरातल्या दिव्याचं बटण दुकानात होतं. कपाटाचं दार उघडलं की खोलीचं दार उघडत नसे. न्हाणीघराची खिडकी दोरीनं बांधून ठेवावी लागे, आणि दार इतकं अरुंद की बादली आधी आत सरकवायची आणि मग आपण तिरकं होऊन आत शिरायचं. दोघांच्या हे इतकं अंगवळणी पडलं होतं की एखादा पाहुणा कुठं अडखळला तर त्यांना त्या पाहुण्याचीच गंमत वाटायची.

मग एका सकाळी मास्तरांची बायकोच त्या पायरीवरून पडली. खुब्याचं हाड मोडलं, उजव्या खांद्यालाही मार बसला. ऑपरेशन झालं, आणि दवाखान्यातून सुटल्यावर लेक तिला परस्पर आपल्या घरी घेऊन गेली. लेकीचं घर शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, पण लिफ्ट असलेलं. लेक एका कारखान्यात सुपरवायझर होती. दिवसभर माणसांना कामाला लावून लावून तिचं घरातलं बोलणंही एक घाव दोन तुकडे झालं होतं.

"बाबा, डॉक्टर काय म्हणाले ते नीट ऐका," तिनं सांगितलं. "पायरी नको, दार रुंद हवं, बसायला कमोड हवा आणि धरायला भक्कम दांडी हवी. एवढं झालं की आई घरी येईल. नाही झालं तर ती माझ्याकडेच राहील, कायमची. मला काय, मला आनंदच आहे."

मास्तरांना काडीचाही आनंद नव्हता. ते घरच मुळी दोन माणसांच्या हिशेबानं चालणारं. स्वयंपाकघरात असलेल्यानं "दिवा!" म्हणून ओरडायचं आणि दुकानात असलेल्यानं बटण दाबायचं, ही तिथली रीत. आता मास्तरांना आधी दुकानात जाऊन दिवा लावावा लागे, परत येऊन भांडं शोधावं लागे, आणि दिवा मालवायला पुन्हा दुकानात जावं लागे. पहिल्या आठवड्यात ते सवयीनं दोन-तीनदा ओरडलेसुद्धा. ओरडून झाल्यावर अंधारात तसेच उभे राहिले. बायको या घरात परत यायला हवी होती. त्यांना दुसरं काहीही नको होतं.

"माझ्या ओळखीचा एक ठेकेदार आहे," लेक म्हणाली. "उद्याच पाठवते."

"नको. दुसऱ्यानं कापलेलं कापड मी कधी शिवायला घेतलेलं नाही."

"बाबा, ही भिंत आहे."

"भिंत तर भिंत. माप घ्यायचं आणि कापायचं, दुसरं काय असतं? आणि तुझ्या आईचं माप त्या ठेकेदाराला काय ठाऊक?"

इथं मास्तरांची खरी नस होती. लग्नानंतर पहिला झगा शिवताना त्यांनी बायकोचं माप टेपनं घेतलं होतं, ते पहिलं आणि शेवटचं. त्यानंतर तिचा एकूण एक कपडा त्यांनी नजरेनं बेतला. ती चहाचा कप घेऊन दुकानात यायची, ठेवून परत जायची, तेवढ्यात यांना कळायचं की यंदा कंबरेला बोटभर सैल सोडायला हवं किंवा खांद्यात थोडं आवळायला हवं. कपडा अंगावर चढायचा तो बेताचा, न ओढता, न फुगता. "मला विचारत तरी जा," ती म्हणायची. "विचारायचं काय? दिसतंय ना," मास्तर म्हणायचे. आणि खरंच दिसायचं. लोक कौतुक करायचे, तीही करायची, आणि कौतुक झालं की माणूस सुधारायचा थांबतो तसे मास्तरही थांबले.

तर मास्तरांनी कंबर कसली. दुकानाला "काही दिवस बंद" अशी पाटी लावली, अर्धवट शिवलेले कोट जुन्या चादरींखाली झाकले, आणि कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात गेले. हार्डवेअरवाला त्यांचं जुनं गिऱ्हाईक. छिन्नी, हातोडा, थापी, सिमेंटची गोणी एवढं काढून दिल्यावर त्यानं जरा दबकतच विचारलं, "मास्तर, असलं काम कधी केलंय का?"

"कोट शिवायला तरी आईच्या पोटातून शिकून आलो होतो का?"

यावर हार्डवेअरवाल्यानं हातमोज्यांचा एक जोड पिशवीत टाकला.

पायरी फोडायची म्हणून मास्तरांनी शिवणाच्या खडूनं तिच्यावर आधी रेघ मारली. सुबक, सरळ रेघ. छिन्नी रेघेवर टेकवली, हातोडा मारला, आणि पायरी रेघ सोडून तिला वाटेल तिथं फुटली. कापड असं कधी वागत नाही. मास्तरांनी पुन्हा रेघ मारली, पुन्हा हातोडा मारला. दुपारपर्यंत पायरीचा चुरा झाला, डाव्या अंगठ्याचा कांदा झाला, आणि शेवटच्या घावाला पायरीच्या पोटातून पाण्याची चिळकांडी उडाली ती थेट छताला लागली. पाण्याची मुख्य चावी कुठं आहे हे मास्तरांना ठाऊक नव्हतं. त्यांनी ओल्या हातानं बायकोला फोन लावला.

"अगं, ती पाण्याची मोठी चावी कुठं असते?"

"का? काय झालं?"

"काही नाही. सहज विचारतोय."

"सहज विचारताय आणि मागं धबधबा ऐकू येतोय? शिलाई मशीनच्या मागं बघा. चिंध्यांचं पोतं हलवा आधी."

त्या दिवशी ती इतकी हसली की तिचा खुबा दुखायला लागला, असं लेकीनं नंतर सांगितलं. मास्तरांना ते ऐकून बरं वाटलं. त्या सबंध कामात त्यांना बरं वाटलं असे प्रसंग फारसे नाहीत, म्हणून हा मुद्दाम सांगून ठेवला.

पाणी बंद झालं आणि प्लंबर आला. हा प्लंबर म्हणजे जगातलं सगळं वाईट आपल्याला आधीच ठाऊक होतं असा चेहरा करून फिरणारा माणूस. त्यानं खड्ड्यात डोकावून पाहिलं.

"हे कुणी केलं?"

"मी."

"हं." मग तो म्हणाला, "पायरी उगाच नव्हती हो मास्तर. सांडपाण्याचा पाइप खालून जातो. त्याला उतार मिळावा म्हणून जमीन उचलून घेतली होती. आता पायरी काढलीत, तर पाणी जाणार कुठं?"

"कुठं जाईल?"

"स्वयंपाकघरात."

झालं. आता पाइप खोल न्यायला हवा, म्हणजे मागचं अंगण खणायला हवं. अंगण खणलं तर जुना पाइप हात लावताच बिस्किटासारखा तुटला. नवा पाइप भिंतीतून घ्यायला गेले तर गिलाव्याचे पोपडे हातात आले, आणि गिलाव्याच्या मागोमाग दाराची चौकट आली. चौकट गिलाव्याच्या आधारानं उभी होती की गिलावा चौकटीच्या, हे शेवटपर्यंत कळलं नाही. पडायच्या वेळी दोघं मिळून पडली. मास्तरांना दार रुंद करायचंच होतं, ते आता त्यांना न विचारता झालं. प्लंबर म्हणाला, "मी बघतो," आणि गेला. प्लंबर "बघतो" म्हणून गेला की तो पुन्हा कधी दिसेल हे त्याच्या बायकोलाही सांगता येत नसावं.

मास्तर त्या ढिगाऱ्यात पालथ्या बादलीवर बसून राहिले. ज्या न्हाणीघरात बायकोला नीट जाता येत नव्हतं, त्यात आता कुणालाच जाता येत नव्हतं. आंघोळीला त्यांना हार्डवेअरवाल्याच्या मागच्या नळावर जावं लागे. चादरींना न जुमानता सिमेंटची धूळ कोटांवर बसली होती. एका गिऱ्हाइकानं आपला काळा कोट राखाडी झालेला पाहिला आणि न बोलता तो उचलून घेऊन गेला. ओरडला असता तर मास्तर दोन शब्द बोलले तरी असते. आता मागं फिरणं शक्य नव्हतं, आणि पुढं कसं जायचं ते समजत नव्हतं. ठेकेदाराला बोलवावं असं त्यांच्या मनात एकदा येऊन गेलं. पण बोलवायचं म्हणजे लेकीला हा खड्डा दाखवायचा, आणि खड्डा पाहिला की लेक काय ठरवणार हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून ते उठले आणि पुन्हा घमेलं उचललं.

टाइल्सच्या वेळी तर त्यांनी कहर केला. शिंपी कापड कापताना शिवणीत थोडं जास्त ठेवतो, पुढंमागं सैल करायला उपयोगी पडतं म्हणून. मास्तरांचा हात तेच करू लागला. प्रत्येक टाइल त्यांनी किंचित मोठी कापली. पहिली रांग बसली, दुसरी कशीबशी बसली, तिसऱ्या रांगेला कोपऱ्यात जागाच उरली नाही. तिथं टाइल दुमडून आत घालता येत नाही, हे त्यांना कोपऱ्यात पोचल्यावर आठवलं. सगळ्या काढल्या. पुन्हा कापल्या. जमिनीला उतार दिला तर पाणी सांडपाण्याच्या नळीकडे न जाता दाराकडे आलं आणि तिथंच थांबून राहिलं. ती जमीनही उखडली. दुसऱ्या वेळेला पाणी बरंचसं गेलं. जे राहिलं त्याकडे मास्तरांनी कानाडोळा केला.

सुरुवातीला ते रोज लेकीकडे जात. तेव्हा बायको पलंगावर पडून असायची, गळ्यापर्यंत पांघरूण. काम अंगावर आल्यापासून जाणं थांबलं. संध्याकाळी फोन मात्र नेमानं व्हायचा.

"आज काय केलंत?" ती विचारायची.

"आज कोपरा पुरा केला. फिकट हिरवा रंग घेतलाय टाइल्सना. तुला आवडेल."

"बरं. मी आज खिडकीपर्यंत गेले, वॉकर घेऊन."

"वा! आणि ऐक, दार आता एवढं रुंद झालंय की तू आणि वॉकर हातात हात घालून आत जाल."

"तुम्ही एकदा येऊन जा ना. मी कशी उभी राहते ते बघा तरी."

"येतो ना. हे एवढं उरकलं की येतोच."

मास्तर खोटं बोलत नव्हते. ओलं सिमेंट टाकून कसं जाणार, प्लंबर नेमका त्याच दिवशी उगवला तर काय, अशी कारणं रोज होतीच. पण खरं कारण वेगळं होतं. त्यांना रिकाम्या हातानं जायची लाज वाटत होती. "झालं, चल घरी" असं सांगायलाच त्यांना जायचं होतं. नुसतं भेटायला जाणं म्हणजे हरल्याची कबुली, असं काहीतरी त्यांनी डोक्यात घेतलं होतं, आणि मास्तरांनी एकदा डोक्यात घेतलं की ते काढायला ब्रह्मदेव खाली आला तरी उपयोग नाही.

कमोड बसवायच्या दिवशी प्लंबर आला. "किती उंचीवर घ्यायचा?" त्यानं विचारलं. मास्तरांनी भिंतीवर खडूनं खूण केली.

"हे उंच होतंय. सगळे याच्याहून खाली बसवतात."

"सगळ्यांची बायको माझी बायको नाही. तिच्या पायाची लांबी मला पाठ आहे. खाली ओटा बांध आणि वर बसव."

"बाईंना एकदा विचारून घ्या की."

"विचारायचं काय? दिसतंय ना," मास्तर म्हणाले. दिसत कुठं होतं? बाई शहराच्या दुसऱ्या टोकाला, आणि मास्तर भिंतीकडे बघून बोलत होते. पण प्लंबरनं वाद घातला नाही. त्यानं ओटा बांधला आणि कमोड बसवून दिला.

दांडीचं काम मास्तरांनी स्वतःकडे ठेवलं होतं. सगळ्या घरात त्यांना मनापासून करावंसं वाटलेलं काम ते एवढंच. ते भिंतीसमोर उभे राहिले, डोळे मिटले, आणि बायको समोर उभी आहे असं मनाशी धरलं. ताठ उभी, चहाचा कप हातात घेऊन. तिचा खांदा कुठं येतो, कोपर कुठं, मनगट कुठं, ते सगळं त्यांना स्वच्छ दिसलं. त्यांनी हात पुढं केला, जिथं तिचा हात येईल तिथं बोट टेकवलं आणि डोळे उघडून खूण केली. जुनी भिंत स्क्रू धरून ठेवीना, तेव्हा त्यांनी भिंत कोरली आणि दांडीची दोन्ही टोकं सिमेंटात गाडून टाकली. सिमेंट वाळल्यावर ते स्वतः त्या दांडीला लोंबकळले. दांडी हलली नाही. नळही त्यांनी याच हिशेबानं उंच घेतला, तिला वाकायला लागू नये म्हणून. कोट अंगावर चढल्यावर गिऱ्हाइकाला आरशासमोर उभं करून ते दोन पावलं मागं जात, तसे ते मागं गेले आणि न्हाणीघराकडे बघत राहिले. टाइल्सच्या रेघा थोड्या वाकड्या होत्या, एक कोपरा फुगला होता, पण न्हाणीघर झालं होतं. त्यांनी लेकीला फोन केला. "आण तुझ्या आईला," ते म्हणाले.

लेक रविवारी सकाळी घेऊन आली. मास्तर दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून बाहेर उभे. गाडीचं दार उघडलं. आधी वॉकर बाहेर आला, मग एक पाय, मग बऱ्याच वेळानं दुसरा. मग बायको उभी राहिली.

तिच्या अंगावर त्यांनीच शिवलेला निळा झगा होता. तो खांद्यांवरून ओघळला होता. पाठीला पोक आल्यामुळे कापड मागं ताणलं होतं. पुढचा घेर जमिनीला टेकत होता आणि मागचा वर उचलला होता. उजवा खांदा खाली उतरलेला. एक पाय आखूड पडलेला. गिऱ्हाइकाच्या अंगावर असा कपडा दिसला असता तर मास्तरांनी लांबूनच सांगितलं असतं की हा दुसऱ्या कुणाच्या तरी मापाचा आहे. त्यांना कुणी काही सांगायची गरज पडली नाही. दांडी उंच झाली, कमोड उंच झाला, नळ उंच झाला, हे सगळं त्यांना तिथं रस्त्यावरच कळून चुकलं. आत जाऊन बघायचं फक्त बाकी होतं.

"असं काय बघताय?" बायको हसून म्हणाली. "ओळखलं नाहीत की काय?"

"ये," मास्तर म्हणाले.

ती वॉकर टेकत दुकानातून आत आली. मशीनवर हात फिरवला, कपाटाचं दार लावलं, खोलीचं दार उघडलं. "बघा, कशी चालते," ती मधेच थांबून म्हणाली. धाप लागली होती, पण चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

"आधी जरा बस. पाणी घे," मास्तर म्हणाले.

"पाणी नंतर. आधी दाखवा. फोनवर ऐकून ऐकून माझे कान किटलेत."

मास्तरांनी तिला अडवायला हवं होतं. पण काय सांगून अडवणार? ते तिच्या मागून चालत राहिले. दारातून वॉकर कुठंही न घासता आत गेला. पायरी नव्हती. तिनं भिंतीवरून हात फिरवला आणि वळून त्यांच्याकडे पाहिलं. "हे सगळं तुम्ही केलंत? या हातांनी?" तिचे डोळे भरून आले होते. सगळं इथंच थांबावं, तिनं आता फक्त मागं फिरावं आणि बाहेर यावं, असं मास्तरांना जीव तोडून वाटलं.

"बसून बघते," ती म्हणाली.

लेकीनं कमरेत धरून तिला कमोडवर बसवलं. तिचे पाय जमिनीपासून वर राहिले. तिनं दांडीकडे हात नेला. हात छातीपर्यंत आला आणि थांबला. खांदा त्याच्या वर जायला तयार नव्हता. तिनं दुसरा हात वळवून पाहिला, तोही पोचेना.

"पोचेल," ती घाईघाईनं म्हणाली. "सवय नाही ना अजून. सवय झाली की पोचेल." आणि ती पुढं झुकली. पायाखाली काहीच नव्हतं. ती घसरली, वॉकर आडवा झाला, लेकीनं तिला दोन्ही हातांनी आवळून धरलं. मास्तर धावले. दोघांनी मिळून तिला उचललं आणि बाहेर आणून खुर्चीवर बसवलं. उचलताना मास्तरांना तिचं वजन कळलं. एखादा ओव्हरकोटसुद्धा याहून जड लागतो.

लेकीनं आत जाऊन दांडी हलवून पाहिली.

"बाबा," लेक म्हणाली, आणि तिचा आवाज तिच्या मानानं फारच हळू होता, "ती दांडी खाली घेता येईल?"

"भिंत फोडावी लागेल."

"आणि कमोड?"

"खालचा ओटा फोडावा लागेल."

बायको मास्तरांकडे बघत होती. "कुणाचं माप घेतलंत?" तिनं विचारलं.

"तुझंच."

"कधीचं?"

मास्तर जमिनीकडे बघत उभे राहिले.

"मी बोलावत होते," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग असता तर मास्तरांना सोपं गेलं असतं. "रोज बोलावत होते. पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा मला वाटलं, आता हे येतील, बघतील. पाठ सरळ होत नाही, हे मला तुम्हाला फोनवर सांगवेना. आलात की आपसूक कळेल, म्हटलं."

"मी तुझ्यासाठीच करत होतो ना गं सगळं."

"ठाऊक आहे. म्हणून तर रागावतासुद्धा येत नाही."

लेक मधे पडली. ठेकेदाराला सांगते, तो पटकन करून देईल, सगळं नीट मापानं, असं काहीतरी ती बोलू लागली. बायकोनं मान हलवली. "नको. पुन्हा तिकडे पडून पुन्हा फोनवर भिंतींच्या गोष्टी ऐकायच्या? आता त्राण नाही माझ्यात. मी तुझ्याकडेच राहते. चल."

मास्तरांना तिला राहा म्हणायचं होतं. राहा म्हणायचं तर कुठं राहा म्हणणार? रात्रीबेरात्री तिला न्हाणीघरात न्यायचं कसं? त्यांच्या एकट्याच्या हातात तेवढा जोर नव्हता, आणि ते तिलाही ठाऊक होतं. त्यांनी वॉकर उचलून तिच्यापुढं ठेवला. येताना ती दर दोन पावलांवर थांबून घर बघत होती. जाताना खाली बघून चालली.

गाडीत बसवल्यावर लेक दुसऱ्या बाजूनं आत बसायला गेली. मास्तर उघड्या खिडकीशी वाकले. "मी येऊ का बरोबर?"

"आज नको," बायको म्हणाली. "आज मला जरा रडून घेऊ द्या. तुम्ही समोर असलात की मला रडता येत नाही. उद्या या."

"उद्या येतो. सकाळीच येतो. तिकडच्या बाथरूमची दांडी कशी आहे ते बघतो, खाली-वर काही करायचं असेल तर..."

"काही बघू नका. काही करायला येऊ नका." तिनं खिडकीत टेकलेल्या त्यांच्या हातावर आपला हात ठेवला. "नुसते माझ्याजवळ बसायला या."

मास्तरांनी मान डोलावली. नुसतं बसायचं म्हणजे काय करायचं, हे त्यांना तिला विचारायचं होतं. पण तेवढ्यात लेकीनं गाडी सुरू केली.